हातमोज्याचा निकाल

निकाल चांगलाच लागणार हे हेडबाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं, म्हणून त्यांनी रविवारी सगळ्यांना जेवायला बोलावलं. मुख्याध्यापिकेची खुर्ची सोडून त्यांना पुष्कळ वर्षं झाली होती, तरी पेपर तपासण्याआधीच मार्क ओळखायची खोड काही गेली नव्हती. थोरल्या मुलाने केलेला यांत्रिक हातमोजा, त्याच्यावर सुनेने घेतलेली चाचणी आणि तोच हातमोजा घालून बरी झालेली धाकटी लेक, सगळं कसं घरच्या घरी. शिवाय परगावची एक कंपनी सोमवारी हातमोज्याच्या करारावर सही करायला येणार होती, आणि तो करार मधल्या मुलाने, वकिलाने, लिहिला होता. एवढं जुळून आल्यावर तोंडं गोड करायची नाहीत तर कधी?

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दीर-नणंद सोडले तर घरात तिला सगळे, नवरासुद्धा, डॉक्टरच म्हणत. निकाल तिला शुक्रवारी दुपारीच कळला होता.

आत चिमणी मटार सोलत बसली होती. ही धाकटी नणंद. लहानपणापासून तोंड म्हणून मिटत नसे, म्हणून चिमणी. तिचं शिवणाचं दुकान होतं. काही वर्षांपूर्वी त्याच दुकानात कापड बेतता बेतता तिच्या हातून कात्री सुटली, तोंड वाकडं झालं आणि चिवचिव एकदम थांबली. तो दिवस घरात कुणीच विसरलेलं नव्हतं. बोलणं यथावकाश परत आलं, अगदी व्याजासकट. उजवा हात मात्र मूठ आवळून छातीशी जाऊन बसला होता. आज त्याच हाताच्या अंगठ्याने ती शेंगेची शिवण दाबत होती, आणि शेंग फुटली की शाबासकीसाठी वर बघत होती. डॉक्टरची नजर सवयीने अंगठ्याच्या मुळाशी गेली. अंगठा तर्जनीसमोर नीट येत होता. मनगट अजून जरा आत वळत होतं.

"वहिनी, उद्या त्या कंपनीवाल्यांपुढे मीच मटार सोलून दाखवणार," चिमणी म्हणाली. "घरचीच जाहिरात."

डॉक्टर हसली. ते हसू कसं दिसलं असेल याची तिला खात्री नव्हती.

या कामात ती पडली तेव्हा तिच्या बरोबरीचे सगळे शस्त्रक्रियेकडे धावत होते. तिच्या प्राध्यापकांनी तिला खोलीत बोलावून समजावलं होतं की पुनर्वसन म्हणजे ज्यांच्याकडून काही झालं नाही अशा डॉक्टरांनी, ज्यांचं काही होणार नाही अशा रुग्णांजवळ बसायचं. तरी ती गेली. वॉर्डात तिने पाहिलं होतं की पक्षाघाताच्या माणसाचा जीव वाचला की सगळे त्याला विसरून जातात. डॉक्टरांची फेरी त्याच्या पलंगावरून पुढे सरकायची, आणि तो माणूस डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवत बसायचा, कुणी सांभाळायला दिलेली वस्तू ठेवावी तसा.

तिला रुग्णालयाच्या धोबीघराशेजारच्या दोन खोल्या मिळाल्या. वाफेने भिंती ओलसर, साबणाचा वास, दिवसभर घरघर. चालायला शिकवण्यासाठी दोन समांतर दांडे हवे होते, म्हणून ती एका वर्कशॉपमध्ये गेली. तिथल्या तरुण मालकाने विचारलं, किती उंचीच्या माणसासाठी? ती म्हणाली, सगळ्यांसाठी. त्याने मान डोलावली आणि खालीवर सरकणारे दांडे करून आणले. बसवायला आला, मग तपासायला आला, मग काही बिघडलेलं नसताना दुरुस्त करायला येऊ लागला. हा हेडबाईंचा थोरला. पुढे जे व्हायचं ते झालं.

दोन खोल्यांचा यथावकाश अख्खा मजला झाला. पक्षाघातानंतर काही महिन्यांनी सुधारणा थांबते, असं पुस्तकं सांगत. तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी माणसं तपासून तपासून दाखवलं की नीट सराव मिळाला तर कितीतरी उशिरानेही मेंदू नवी वाट काढतो. तिचे निबंध दूरदूरचे लोक वाचू लागले. आणि नवरा, ज्याला भावंडं दादा म्हणत आणि बाकी सगळं जग यंत्रोबा म्हणे, तो तिच्या प्रत्येक कल्पनेला स्क्रू आणि स्प्रिंगा लावत गेला. हातमोजा हे त्याचं सगळ्यात लाडकं अपत्य. बोटांच्या पाठीवरून बारीक तारा, मनगटावर छोटी मोटर. रुग्णाने बोट उघडायचा नुसता प्रयत्न केला तरी उरलेलं काम मोजा करी. पहिला मोजा त्याने चिमणीसाठीच केला होता.

मग त्याची रीतसर चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट केले. दोन्ही गटांनी रोज सारखाच वेळ सराव करायचा, तेच डबे उघडायचे, त्याच किल्ल्या फिरवायच्या, त्याच टॉवेलांच्या घड्या घालायच्या, आणि समोर घरचं एक माणूस बसवायचं. एका गटाच्या हातात मोजा, दुसऱ्याच्या नाही. हात तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं ते ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. शुक्रवारी आकडे सांभाळणाऱ्या सहकाऱ्याचा फोन आला. त्याने आधी विचारलं, बसली आहेस ना? दोन्ही गटांचे हात सुधारले होते, कुणी कल्पना केली नव्हती इतके. आणि अगदी सारखेच सुधारले होते. मोज्याने काडीचाही फरक पडला नव्हता.

वकील आला तो कराराची बॅग पोटाशी धरूनच. त्याने लग्न केलं नव्हतं. हेडबाई म्हणत की त्याला कुठल्याही कागदावर सही करायची भीती वाटते. डॉक्टरने त्याला गॅलरीत बोलावलं. नवऱ्याआधी दिराला सांगणं तिच्या जिवावर आलं होतं, पण उद्याची सही थांबवायची तर त्याला अंधारात ठेवून कसं चालेल?

वकिलाने अशिलाचं ऐकावं तसं मध्ये न बोलता ऐकलं. पण त्याच्या डोळ्यांपुढे दादा उभा होता. वडील गेले तेव्हा दादाने शिक्षण सोडून वर्कशॉप उघडं ठेवलं, म्हणून हा वकील झाला आणि चिमणी शिवण शिकली. दादाच्या हातची एखादी वस्तू त्याच्या नावानिशी जगात जावी, एवढ्यासाठी त्याने हा करार जीव ओतून लिहिला होता. त्याने कोर्टातल्यासारखे मुद्दे मांडले. निकाल अजून छापलेला नाही, छापायला महिने जातील, तोवर कुणी खोटं बोललं असं होत नाही.

"मी तुम्हाला खोटं बोला म्हणत नाही, वहिनी," तो शेवटी म्हणाला. "उद्याच्या दिवस बोलू नका, एवढंच."

"आणि हा मोजा विकत घेऊन जो बरं व्हायची वाट बघत बसेल, त्याच्याशी कोण बोलणार?"

वकिलाने बॅग या हातातून त्या हातात घेतली. मग निदान दादाला आज सांगू नका, जेवण तरी सुखाने होऊ द्या, अशी विनवणी त्याने सुरू केली. तेवढ्यात मागे खुर्ची सरकली. चिमणी दारात उभी होती, आणि ती गप्प होती. त्यावरूनच दोघांना कळलं की तिने सगळं ऐकलं आहे.

"माझा हात काय मग?" ती म्हणाली. "तुझ्या आकड्यांत बसत नाही म्हणून खोटा?"

"हात खरा आहे," डॉक्टर म्हणाली. "कशाने बरा झाला ते मला सांगता येत नाही."

एरवी चिमणी जेवताना वहिनीला चिकटून बसायची. त्या दिवशी ती वकिलाच्या शेजारी जाऊन बसली.

टेबलावर फक्त यंत्रोबा बोलत होता, आणि ते आश्चर्यच होतं, कारण तो मुळात अबोल माणूस. नव्या मोटरचं वजन किती कमी करता येईल हे तो भाजीच्या वाडग्याला सांगत होता. हेडबाईंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. बाकाखाली काहीतरी दडवलं असलं की वर्ग असाच शांत होतो, हे त्यांना आयुष्यभराच्या अनुभवाने ठाऊक होतं. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि सुनेला सरळ विचारलं की काय झालंय.

डॉक्टरने सांगितलं. नवऱ्याकडे बघत सांगितलं, आणि रुग्णाच्या नातेवाइकांना सांगते तसं, आडवळण न घेता.

हेडबाईंना आधी ते पटलंच नाही. "हातच्या काकणाला आरसा कशाला?" त्या म्हणाल्या. "पोरीचा हात समोर दिसतोय."

वकिलाने लगेच री ओढली की जिवंत साक्षीदार समोर असताना आकड्यांचं काय घेऊन बसायचं. डॉक्टरने शांतपणे समजावलं की पुष्कळांचे हात आजारानंतरच्या पहिल्या वर्षात आपोआपही सुधारतात, एका माणसावरून काही ठरवता येत नाही, म्हणून तर दोन गट करायचे असतात. चिमणी ताटाकडे बघत होती. हेडबाई म्हणाल्या की स्वतःच्याच घरावर नांगर फिरवणारी सून त्यांनी आजच पाहिली. सासू, दीर आणि नणंद एका बाजूला आणि डॉक्टर एकटी, असं या घरात पूर्वी एकदाच झालं होतं, लग्नाच्या वर्षी, तेही पडद्यांच्या रंगावरून.

 यंत्रोबाने ताटातलं सगळं संपवलं, स्वतःचं ताट विसळून ठेवलं आणि तो जिना उतरून खाली वर्कशॉपमध्ये गेला.

त्याला सगळ्यात आधी लाज वाटली होती. कुणाकुणाला सांगून ठेवलंय याची यादी मनात सुरू झाली, आणि ती दूधवाल्यापर्यंत पोचली. खाली येऊन त्याने बाकावर एक मोजा उलगडला, तारा ओढून पाहिल्या. पाचही बोटं नेहमीसारखी सुंदर उघडली. डॉक्टर मागोमाग आली आणि स्टुलावर बसली.

"शुक्रवारीच कळलं होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"आणि काल मी संध्याकाळभर मोटरचं पुराण लावलं होतं."

"तुला थांबवायला तोंड उघडलं होतं मी. पण तू इतका खुशीत होतास."

त्याने मान हलवली. मग तो आपल्या वळणावर गेला. तार घसरत होती का, मोटर कमी पडली का, रुग्ण मोजा नीट घालत नव्हते का, एकेक करून त्याने सगळं विचारलं. तिने प्रत्येकाचं उत्तर दिलं. तार घसरली नव्हती. मोटर कमी पडली नव्हती. लोकांनी मोजा आवडीने घातला होता.

"तुझ्या कामात काही खोट नाही," ती म्हणाली. "तू मोजा जे करायला बनवलास ते त्याने केलं. त्याची गरज नव्हती, एवढंच."

"हे जास्त लागतं," यंत्रोबा म्हणाला, आणि स्वतःच किंचित हसला. मग त्याने निबंधातून आपलं नाव काढून टाकायला सांगितलं.

"का म्हणून? मोजा तुझा, तसा निकालही तुझा. नाव राहणार."

तो बराच वेळ तारा गुंडाळत राहिला. इतकी वर्षं ती घरी आली की एखादा अडलेला हात घेऊन यायची, आणि तो त्यासाठी काहीतरी घडवायचा. त्यांचं बोलणं असंच व्हायचं. उद्यापासून काय बोलायचं, हा त्याच्या मनातला खरा प्रश्न होता, पण तो विचारणाऱ्यांपैकी नव्हता.

जिन्यावर पावलं वाजली. चिमणी खाली आली ती तरातरा, भांडायला आल्यासारखी. पण ती भांडली भावाशी. पहिला मोजा मुळात चालायचाच कुठे, असं तिने विचारलं. आठवतंय का? दर दुपारी ती इथे यायची, हा तिच्या हातात मोजा घालायचा, मोजा अडायचा, की हा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायचा. तोवर रिकामी बसू नको म्हणून तिच्यापुढे नटबोल्टचा डबा सरकवायचा. ती उजव्या हाताने नट बसवायची, ते पडायचे, ती याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची, आणि हा बाकाखालून नट वेचून पुन्हा डब्यात टाकायचा. मोजा चालू व्हायचा तोवर दुपार संपलेली असायची.

"तुझ्याही सात पिढ्या त्याच," यंत्रोबा म्हणाला.

"ते जाऊ दे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय? तू होतास माझं औषध."

"असं मी म्हणणार नाही," डॉक्टर घाईने म्हणाली. "एका माणसावरून तेही म्हणता येत नाही."

"तू नको म्हणूस. मी म्हणते. मी कुठे डॉक्टर आहे?"

यंत्रोबाने मोजा खाली ठेवला. बहिणीच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा एवढं चांगलं ऐकून त्याला कुठे बघावं कळेना, म्हणून त्याने पाण्याची बाटली उचलली आणि पुन्हा ठेवली. डॉक्टरला त्या क्षणी नणंदेचा हेवा वाटला. ती जे सिद्ध करायला आणखी काही वर्षं घालवणार होती, ते या बाईने एका वाक्यात सांगून मोकळं केलं होतं. आणि त्याला हवं होतं तेही तेवढंच होतं.

चहाच्या वेळी तिघं वर आली ती एकत्र. हेडबाईंनी ते पाहिलं आणि आपला पक्ष अर्ध्यावर आलाय हे ओळखलं. यंत्रोबाने कंपनीच्या माणसाचा नंबर मागितला. वकील म्हणाला, मी बोलतो, मला सवय आहे. यंत्रोबा म्हणाला की सवय आहे म्हणूनच नको. त्याने स्वतः फोन लावला आणि निकाल जसा ऐकला होता तसा सांगितला. पलीकडच्या माणसाने सभ्यपणे आभार मानले. उद्याचं येणं रद्द झालं. वकिलाने करार बॅगेत ठेवून चेन ओढली, आणि हरल्यावर अपील करायला कुणी नाही असा हा पहिलाच खटला, म्हणून चहा जरा कडक करायला सांगितला.

हेडबाई मात्र अजून कपाळाला आठी घालून बसल्या होत्या. सगळ्यांना वाटलं, राग आहे. पण त्यांचं मन निकालाच्या पुढे गेलं होतं.

"दोन्ही गटांत समोर घरचं माणूस होतं म्हणालीस," त्यांनी सुनेला विचारलं. "ज्यांना समोर बसायला कुणीच नाही, ते कुठल्या गटात?"

डॉक्टरने कप खाली ठेवला. ते कुठल्याच गटात नव्हते. बरोबर माणूस असेल तरच चाचणीत घ्यायचं, हा नियम तिनेच घातला होता, कारण त्याशिवाय सराव होत नाही हे उघड होतं. दारातच विचारलं जायचं, बरोबर कोण आहे? आणि कुणी नाही म्हणणारी माणसं काठी टेकत परत जायची. अशी किती गेली असतील? तिला काही चेहरे आठवू लागले.

"त्यांना घेतलंच नव्हतं, आई," ती म्हणाली.

"मग अर्धाच वर्ग तपासलास," हेडबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. चुकलेलं गणित पुन्हा सोडवायला द्यावं तसा सूर होता.

त्या संध्याकाळी डॉक्टर आणि यंत्रोबा टेबलाशी बसून पुष्कळ बोलले. या वेळी घडवायला काहीच नव्हतं. फक्त माणसं शोधायची होती, दुपार मोकळी असलेली, आणि त्यांना एकट्या रुग्णांसमोर बसायला शिकवायचं होतं. हात धरायचा केव्हा आणि सोडायचा केव्हा, चुकल्यावर गप्प कसं राहायचं, एवढं जमलं की झालं. यंत्रोबा म्हणाला की गप्प राहायचं तो शिकवेल. डॉक्टर मोठ्याने हसली, तीन दिवसांत पहिल्यांदा.

निकाल छापून आला, दोघांच्या नावानिशी. दूरच्या एका संशोधकाने लिहिलं की आम्हीही तसलाच मोजा करत होतो, तुम्ही आमची वर्षं वाचवलीत. यंत्रोबाने ते दूधवाल्याला वाचून दाखवलं. चिमणी आठवड्यातून एकदा विभागात येऊन स्वतःचा हात दाखवते आणि इतरांना बोलू देत नाही, अशी परिचारिकांची तक्रार आहे. ती मात्र समोर बसण्याच्या परीक्षेत नापास झाली. पास होणाऱ्यांत पहिला नंबर हेडबाईंचा आला.

त्यांना मिळालेला पहिला रुग्ण निवृत्त बसड्रायव्हर होता. एकटा राहायचा, डावा हात गेलेला, आणि सगळ्या जगावर रागावलेला. त्याच्यापुढे प्लास्टिकचा डबा होता. डॉक्टर फेरीवर असताना दारापाशी थांबली, तेव्हा तो डबा दूर ढकलत होता. या वयात हात उघडला काय आणि मिटला काय, तो म्हणाला. घरी जाऊन दाखवायचं कुणाला?

हेडबाईंनी आपली खुर्ची पुढे ओढली आणि चष्मा नीट केला.

"मी बसलेय ना इथे," त्या म्हणाल्या. "दाखवा."